नैर्ऋत्येचा वारा

केंब्रिज, ऑंटॅरिओ
१२ नोव्हेंबर २०१६

दादा,

अक्षर ओळखून तू हे पाकीट न उघडताच ठेवून देशील, अशी मला भीती आहे. म्हणून साइट ऑफिसचा पत्ता घातला. ऑफिसात आलेलं पाकीट माणूस उघडतोच. तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाहीही, ते वेगळं.

हा पत्ता मला एका ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मिळाला. मनिलाच्या ऐन मध्यावर चार टॉवर, त्यांच्या पायाशी मॉल, मधे मोठा चौक, आणि चौकावर काचेचं छत. कोपऱ्यात छोट्या अक्षरात लिहिलं होतं, एस. देवपुजारी. फिलिपाइन्समध्ये दुसरा कोणी देवपुजारी लोखंडाची ड्रॉइंग सही करत असेल असं मला वाटत नाही.

मी काय काम करते ते तुला माहीत असेल की नाही कोण जाणे. तू एडमंटन सोडलंस तेव्हा मी या लॅबमध्ये नुकतीच लागले होते. इमारतींवर वाऱ्याचा किती जोर बसेल ते आम्ही आधी तपासून देतो. एक लांब बोगद्यासारखी खोली आहे, एका टोकाला भलामोठा पंखा आणि दुसऱ्या टोकाला फिरणारी चकती. इमारतीचं छोटं मॉडेल चकतीवर ठेवायचं, आजूबाजूचं शहर फोमचे ठोकळे कापून उभं करायचं, आणि चकती फिरवत प्रत्येक दिशेने वारा सोडायचा. तर गेल्या आठवड्यापासून माझ्या चकतीवर तुमचं मनिला आहे. टॉवरचे सांगाडे उभे राहिल्यावर तुमच्या मालकांना हे काचेचं छत सुचलं म्हणे, म्हणून आता ही टेस्ट.

ग्रेगला, म्हणजे माझ्या बॉसला, मी त्याच दिवशी सांगितलं की हा माझा सख्खा भाऊ आहे. त्याने विचारलं, "आर यू क्लोज?" मी म्हटलं, "नो." तो म्हणाला, "देन व्हॉट्स द प्रॉब्लेम?" मग जरा गंभीर होऊन म्हणाला की माझा प्रत्येक आकडा दुसरा इंजिनिअर स्वतंत्र तपासेल, आणि रिपोर्ट जाईपर्यंत मी तुझ्याशी कामाबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. म्हणून या पत्रात कामाचं काही नाही. मराठीत लिहिते आहे कारण इंग्रजीत आपण दोघं लगेच वकिलासारखे बोलायला लागतो. माझं शुद्धलेखन आईने बेसमेंटमध्ये रविवारी बसवून शिकवलं तेवढंच आहे, चुका पोटात घाल.

आई-बाबा त्याच घरात आहेत. आईचं कंबरेचं दुखणं वाढलंय. बाबा पंचाहत्तरीला आले तरी ड्राइव्ह-वे स्वतः शोव्हल करतात आणि कोणी मदतीला आलं की त्याला बर्फ कसा उचलायचा ते शिकवतात. ते तुझं नाव घेत नाहीत. आई घेते, बाबा खोलीत नसले की.

तू मारितेसशी लग्न करायचं म्हणालास आणि मुलगी फिलिपिनो म्हणून बाबांनी "तिला घेऊन या घरात येऊ नकोस" म्हटलं, त्या दिवशी मी तिथे नव्हते. तरी तू त्यांच्याबरोबर माझाही नंबर ब्लॉक केलास. त्याचा मला राग आहे. तो आहे हे सांगून ठेवते. उत्तर लिहायलाच पाहिजे असं काही नाही.

ऊर्मी


केंब्रिज
२४ फेब्रुवारी २०१७

दादा,

आता रिपोर्टचा मसुदा रीतसर तुमच्याकडे गेला आहे, तेव्हा कामाचं लिहायला हरकत नाही. आणि न लिहून भागणारही नाही, कारण मंगळवारी तू ग्रेगला फोन केलास तेव्हा मी त्याच खोलीत बसले होते.

आमची सकाळ होती, बाहेर धड उजाडलंही नव्हतं. फोन स्पीकरवर होता. साडेपाच वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि पहिलं काय वाटलं तर, हा बाबांसारखा बोलायला लागलाय. "हू रॅन धिस?" असं तू विचारलंस. ग्रेग म्हणाला, "वन ऑफ अवर बेस्ट." तू म्हणालास की तुमच्या त्या बेस्टने दिलेल्या आकड्यावर छत बांधताच येणार नाही, मॉडेलवरची दाब मोजणारी एखादी नळी तुंबली असेल.

मी गप्प बसणार होते. पण मॉडेलच्या छतावरची एकेक नळी मी स्वतः बसवली आहे. मी म्हटलं, "नळ्या बदलून पुन्हा टेस्ट केली. दुसऱ्या इंजिनिअरने वेगळी केली. आकडा तोच येतो." हे मी इंग्रजीतच म्हणाले, अगदी ऑफिसच्या आवाजात.

ग्रेगला वाटलं लाइन गेली. आणि एकदम मराठीत, "ऊर्मी?"

मी म्हटलं, "हो."

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. तू घसा साफ केलास, पुन्हा इंग्रजीत आलास, ईमेल पाठवतो म्हणालास आणि फोन ठेवलास. मी वॉशरूममध्ये जाऊन हात धुतले. रडले नाही. बराच वेळ हात धुतले एवढंच.

तुला हे कळत नाही असं नाही, तरी लिहिते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की नीट सांगितलं नव्हतं. तुमच्या छतावर वरून दाबणारा वारा अडचणीचा नाही. नैर्ऋत्येचा वारा दुसऱ्या आणि तिसऱ्या टॉवरच्या मधल्या फटीत घुसतो, तिथे चेपला जाऊन जोर धरतो, आणि छताच्या त्या कोपऱ्याला खालून उचलतो. पातेल्यावरचं झाकण वाफेने उचललं जावं तसं. त्या कोपऱ्याचे खांब आणि ते काँक्रीटला जखडणारे अँकर बोल्ट तुम्ही धरलेत त्याच्या जवळजवळ दुप्पट ताकदीचे लागतील. दुकानांच्या दर्शनी काचांपुढे जाड खांब येतील, हे मालकांना नको आहे, तेही समजतं.

तुझा ईमेलही वाचला. फेज टूचा टॉवर नैर्ऋत्येलाच येणार, तो वारा अडवेल, म्हणून तो मॉडेलमध्ये धरून टेस्ट करा, असं तू लिहिलंस. करते. आकडा उतरेल, त्यात शंका नाही. पण दादा, फेज टूला परवानगी मिळालेली नाही. तो टॉवर पाच वर्षांनी होईल, दहा वर्षांनी होईल, किंवा होणारही नाही. मधल्या काळात त्या चौकात लोक उभे राहणार. तुमच्याच ब्रोशरमध्ये लिहिलंय की रविवारी चौकात मास, म्हणजे चर्चची प्रार्थना, होईल, हजारो खुर्च्या मांडून. मी दोन्ही टेस्ट करीन आणि दोन्ही आकडे देईन.

ऊर्मी


केंब्रिज
९ मे २०१७

दादा,

तुझं पत्र एप्रिलमध्येच मिळालं. आज मंगळवार आहे आणि मी भर दुपारी घरी बसून उत्तर लिहिते आहे. का ते विचारू नकोस.

तू लिहिलंस, "तू शेवटी बाबांचीच मुलगी. कोणीतरी चुकलंय हे सिद्ध झाल्याशिवाय तुम्हाला झोप लागत नाही." पहिलं वाचलं तेव्हा पत्र चुरगाळलं. मग इस्त्री फिरवावी तसं हाताने सरळ केलं आणि पुन्हा वाचलं. मी बाबांची मुलगी आहे, मान्य. पण ज्या माणसाने जन्मभर पूल बांधले आणि पूल बांधताना एकदाही आकडा सोयीचा करून घेतला नाही, त्याचाच तू मुलगा आहेस. घरात ते जसे वागले ते वागले. ते दोन्ही खरं आहे. तुझ्यावर सूड उगवायला मला वाऱ्याची गरज नाही, त्यासाठी साधा फोन पुरला असता, तू उचलला असतास तर.

इकडे काय झालं ते सांगते. तुमच्या मालकांच्या माणसाने ग्रेगला सुचवलं की पुढच्या प्रोजेक्टचं काम दुसऱ्या लॅबला जाऊ शकतं. ग्रेगने मला लंचला नेलं. तो असा कधी नेत नाही. सूप ढवळत म्हणाला, "फेज टू धरून आलेला आकडा मुख्य रिपोर्टमध्ये ठेवू, दुसरा मागे परिशिष्टात." मी म्हटलं, "परिशिष्ट कोणी वाचत नाही." तो म्हणाला, "दॅट्स काइंड ऑफ द पॉइंट." त्याने सूप संपवलं. मग म्हणाला, "ओके. दोन्ही एकाच पानावर. फेज टू उभा राहीपर्यंत मोठा आकडा लागू, हे ठळक अक्षरात." बाहेर पार्किंगमध्ये म्हणाला, "युअर ब्रदर इज गोइंग टू हेट अस." मी म्हटलं, "ही ऑलरेडी डज."

रिपोर्ट तसाच गेला. ग्रेगची सही आहे. आता निर्णय तुमच्याकडे.

तुझ्या पत्रात शेवटी एक वाक्य होतं, ते तू रागात लिहिलंस हे कळतं. "ईराला आजोबा आहेत हे मी तिला सांगितलेलं नाही." दादा, तुला मुलगी आहे हे आम्हाला त्या वाक्यातून कळलं. मी पत्र अनुपपुढे धरलं, त्याने ते मोठ्याने वाचलं. माझ्या भाचीचं नाव मी पहिल्यांदा नवऱ्याच्या तोंडून ऐकलं.

आईला फोनवर सांगितलं. तिने फक्त "कोणासारखी दिसते?" विचारलं.

एप्रिलच्या शेवटी मी एडमंटनला गेले होते. अजून रस्त्याच्या कडेला घाणेरडा बर्फ होता. बाबा मला ग्रोसरीला घेऊन गेले. परत येताना, सिग्नलला थांबलो असताना, समोर बघत म्हणाले, "शंतनुच्या मुलीचं नाव ईरा ठेवलंय म्हणे."

मी म्हटलं, "हो."

"मराठी नाव ठेवलं."

"हो."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला तरी बाबा गाडी हलवेनात. मग निघाले, आणि आपल्या घराचं वळण सोडून सरळ पुढे गेले. मी सांगितलं नाही. पार हेंडे रिंग रोडवरच्या नदीच्या पुलापर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. "रस्ता चुकलो," म्हणाले. त्यांच्या तोंडून हे दोन शब्द मी याआधी ऐकले नव्हते. मी त्यातून काही अर्थ काढत नाही. फक्त तुला कळवते.

ईराचा एक फोटो पाठव. मला नको, आईला.

ऊर्मी


केंब्रिज
१९ नोव्हेंबर २०१७

दादा,

मारितेसने गेल्या रविवारी एडमंटनला फोन केला होता. तिने तुला सांगितलं नसेल तर माझ्या पत्रातून कळतंय, तिच्यावर चिडू नकोस. घरचा नंबर तिला तिच्या जुन्या हॉस्पिटलमधल्या मैत्रिणीकडून मिळाला. आईने मला सगळं इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथे होते असंच आता वाटतं.

आईने फोन उचलला. पलीकडून, "मॅडम, धिस इज मारितेस. शंतनुज वाइफ. ही विल नॉट कॉल यू, सो आय अॅम कॉलिंग." आईने विचारलं, "हॅव यू ईटन?" मारितेस म्हणाली, "येस मॅडम." आईने फोन स्पीकरवर टाकला, कारण बाबा किचनच्या दारात येऊन उभे होते.

मारितेसने सांगितलं की जूनमध्ये मालकांच्या मीटिंगमध्ये तू उभा राहिलास आणि म्हणालास, फेज टूला परवानगी नाही, तेव्हा लहान आकड्यावर मी छताची सही करणार नाही, आणि हे मिनिट्समध्ये लिहून घ्या. खूप वादावादी झाली. तुला छतावरून काढून तळघरातल्या पार्किंगच्या कामावर टाकलं. तुझ्या जागी आलेल्या माणसाने ती मिनिट्स वाचली आणि तोही लहान आकड्यावर सही करेना. महिनाभर घासाघीस होऊन अखेर छत मोठ्या आकड्यावरच बांधायचं ठरलं. पण तुला वर कोणी परत घेतलं नाही. तू घरी येऊन बोलत नाहीस, रात्रभर छताकडे बघत पडून राहतोस, असं ती म्हणाली.

बाबांनी दारातून एकच प्रश्न विचारला. "हू साइन्ड द लोअर नंबर?"

ती म्हणाली, "नोबडी, सर. शंतनु रिफ्यूज्ड फर्स्ट."

आई सांगते, बाबा खुर्ची ओढून बसले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हात पुढे करून आईकडून फोन घेतला आणि म्हणाले, "हाऊ इज द वेदर देअर?"

मारितेस म्हणाली, "व्हेरी हॉट, सर."

"हिअर इट इज मायनस ट्वेंटी," बाबा म्हणाले. आणि मग दोघं दहा-पंधरा मिनिटं हवेबद्दल बोलले. ती एडमंटनचा हिवाळा अजून विसरली नाही म्हणाली. बाबांनी विचारलं, तुमच्याकडे वादळं कोणत्या महिन्यात येतात, जमिनीत पाणी किती खोल लागतं. शेवटी ती म्हणाली, ईराला फोन देऊ का. बाबा म्हणाले, "नॉट टुडे." आणि मग, आई शपथेवर सांगते, "नेक्स्ट संडे."

मे महिन्यात मी मंगळवारी घरी का होते ते आता सांगायला हरकत नाही. रिपोर्ट गेल्यावर मला सक्तीची रजा दिली होती. ग्रेग वरच्यांशी भांडत होता आणि मी इथे बसून कपाटं आवरत होते. जून संपता संपता त्याने परत बोलावलं, काही न सांगता दुसऱ्या शहराचं मॉडेल पुढे ठेवलं. म्हणजे तुला तळघरात पाठवलं त्याच सुमाराला मी परत चकतीपाशी आले. हे कळलं तेव्हा मला हसूही आलं आणि खूप वाईटही वाटलं.

तुला खोटं वाटेल, पण मारितेसचा फोन झाल्यापासून मला नीट झोप लागते आहे. छत मजबूत होतंय म्हणून लागते असं मी अनुपला सांगते.

तुझ्या रागाचं तू बघ. माझा उतरला आहे.

ऊर्मी


केंब्रिज
१८ सप्टेंबर २०१८

दादा,

शनिवारी आणि रविवारी आपण फोनवर एवढं बोललो, तरी बसून लिहिते आहे, कारण फोनच्या या टोकाला काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही, आणि ते मला विसरायचं नाही.

आई-बाबा गणपतीसाठी इथे आलेत हे तुला माहीत आहे. शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे तुमच्या शनिवारी सकाळी, वादळ लुझॉनच्या उत्तर टोकावरून जातंय अशी बातमी होती. अनुप म्हणाला, मनिलापासून लांब आहे, काळजी करू नका. बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांनाही एकच गोष्ट कळली होती. वादळ उत्तरेकडून गेलं की ते मनिलावर नैर्ऋत्येचा वारा ओढून घेतं.

मी लॅपटॉप उघडून मनिलाच्या विमानतळावरच्या वाऱ्याची नोंद बघत बसले. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले. ते फक्त दिशा विचारत. "आता?" "साउथवेस्ट." थोड्या वेळाने पुन्हा, "आता?" "साउथवेस्टच." छत पूर्ण होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. चौक उघडला होता.

मग तुझा मेसेज आला की सखल भागात पाणी भरलंय, मॉलने खालचा मजला लोकांसाठी उघडलाय, मारितेस ईराला घेऊन तिकडेच मदतीला गेलीय, आणि तू तळघरात पंपांपाशी आहेस. त्यानंतर काही नाही. फोन लागेना. मारितेसचाही लागेना.

दादा, मी तो कोपरा पाहिलेला आहे. छोट्या मॉडेलवर, बोगद्यात, वारा सोडल्यावर तो कोपरा कसा थरथरतो ते मी पाहिलं आहे. बाकी सगळ्यांना फक्त वादळ दिसत होतं, मला तेवढा कोपरा दिसत होता आणि त्याखाली तुम्ही तिघं. मी मनात पुन्हा पुन्हा हिशेब करत होते. नळ्या नीट होत्या ना, दुसऱ्या इंजिनिअरने काही चुकवलं नव्हतं ना. बाबांनी ते ओळखलं. म्हणाले, "तुझं काम झालंय. आता बांधणाऱ्याचं आहे." त्यावर मी म्हटलं, "बांधणाऱ्याला तर तळघरात टाकलंय." ते माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. हा माणूस असा कधी कोणाजवळ बसला होता, तुला आठवतं का?

आई देवापुढे गेली नाही. तिने घरातली सगळी भांडी घासली, घासलेलीही घासली. शनिवारी सकाळी अनुपने शिरा केला, तो कोणी खाल्ला नाही.

दुपारी मेसेज आला. "छत उभं आहे. आम्ही तिघं ठीक. बाबांना सांग."

मी तो मोठ्याने वाचला. "बाबांना सांग" वाचताना थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. आईने ओल्या हातांनीच माझ्याकडून फोन घेतला आणि मेसेज स्वतः वाचला. अनुपने जाऊन नळ बंद केला. बाबा उठले, खिडकीपाशी गेले, आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मग तू फोन केलास. स्पीकरवरचं तुमचं बोलणं मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं, ते लिहून ठेवते.

बाबा म्हणाले, "त्या कोपऱ्याला अँकर बोल्ट काय वापरलेत?"

तू सांगितलंस.

"काँक्रीटमध्ये किती खोल?"

तेही सांगितलंस.

"आणि काचा?"

"वरच्या रांगेतल्या थोड्या तडकल्या. पडली एकही नाही. सांगाडा हलला नाही, बाबा."

"लहान आकड्यावर बांधलं असतं तर?"

तू म्हणालास, "माहीत नाही. आणि मला ते कधी कळायला नको आहे."

बाबा म्हणाले, "मलाही नको." मग विचारलं, "झोपलास का?"

"नाही."

"मग झोप. उद्या फोन कर."

आणि तू केलास. बाबांशी ते दुसऱ्या दिवशीचं बोलणं तीन मिनिटांचंही नव्हतं, पण ते झाल्यावर बाबा गणपतीपाशी गेले, ताटातला मोदक उचलला, खाल्ला, आणि आईला म्हणाले, "या वेळी गूळ कमी पडलाय." आई जी हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता रडली, मग पुन्हा हसली. मीही तसंच. अनुप म्हणतो, तुमच्या घरात गूळ कमी असला की एवढा आनंद होतो हे मला कोणी लग्नाआधी सांगितलं नव्हतं.

ईरा मारितेसच्या मांडीवर झोपून गेली होती आणि वरून काचा कडकडत होत्या, असं तू म्हणालास ना. तिला मोठी झाल्यावर काहीच आठवणार नाही. फार बरं झालं.

ऊर्मी


टोरोंटो, पियर्सन एअरपोर्ट
२० डिसेंबर २०१८

दादा,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा आई-बाबा तुझ्याकडे आठ-दहा दिवस राहून झाले असतील, त्यामुळे सूचनांचा काही उपयोग नाही. तरी लिहिते. आईला विमानतळावर व्हीलचेअर हवी असते आणि ती नको म्हणते. ती नको म्हणेल तेव्हा खुर्ची आणूनच उभी करायची. बाबांच्या गोळ्या निळ्या डब्यात आहेत. घेतल्या का विचारलं तर ते चिडतात, म्हणून डबा जेवणाच्या ताटाशेजारी ठेव आणि दुसरं काही बोल.

गेल्या आठवड्यात दोघं एडमंटनहून माझ्याकडे आले तेव्हा बाबा हाफ शर्ट घ्यायला एका दुकानात गेले होते. बाहेर हिमवादळ. दुकानातली मुलगी म्हणाली, "सर, दोज कम इन एप्रिल." बाबांनी तिला सांगितलं, "माय सन लिव्हज इन मनिला." मी मागे उभी होते. "माय सन" हे त्यांनी अगदी सहज म्हटलं, शर्टाचा साइज सांगावा तसं. शर्ट मिळाले नाहीत. तिकडे घेऊन दे.

ते आल्या आल्या तुला तळघर दाखवायला सांगतील. छत नंतर. पंप किती क्षमतेचे, पाणी कुठे सोडता, सगळं विचारतील. तू कंटाळू नकोस. मालकांनी तुला पुन्हा वरच्या कामावर घेतलं हे मी त्यांना सांगितलेलं नाही, ते तू सांग.

आणखी एक. बाबा माफी मागणार नाहीत. मी त्यांना ओळखते, तूही ओळखतोस. या वयात, पाठदुखी घेऊन, ते सोळा तासांच्या विमानात बसले आहेत. त्यांच्या भाषेत ते तेवढंच आहे. ते तुला आणि मारितेसला पुरतं का, हे तुम्ही ठरवा. पुरलं नाही तर तेही त्यांना सांग. ऐकतील की नाही माहीत नाही, पण आता उठून जाणार नाहीत, एवढं मला वाटतं.

सकाळी ४०१ हायवेवर बर्फ होता, मी हळू गाडी चालवत होते आणि बाबा शेजारून ब्रेक दाबत होते. सिक्युरिटीपाशी आल्यावर आई मला मिठी मारून सोडेना. बाबा म्हणाले, "तू पण चल. सुट्टी काढ."

मी म्हटलं, "नाही. तुम्ही एकदा माझ्याशिवाय भेटा."

"का?"

"आई तुमचं मला सांगते, मी दादाला लिहिते, दादा मला सांगतो, मी आईला सांगते. दोन वर्षं हेच चाललंय. आता तुम्हीच बोला."

त्यांनी विचार केला. म्हणाले, "मग तिकडे काय झालं ते तुला कोण सांगणार?"

मी म्हटलं, "कोणीच नाही सांगितलं तरी चालेल."

ते मान हलवून आत गेले. बेल्ट काढायला लावला म्हणून तिथल्या माणसाशी हुज्जत घालताना दिसले, मग दिसेनासे झाले.

मला लगेच हायवेवर जायचं नव्हतं, म्हणून इथे कॉफी घेऊन बसले. अनुपचा मेसेज आलाय की रस्ते मोकळे झालेत, सावकाश ये. इतकी मोकळी मी बऱ्याच वर्षांत बसले नव्हते. हात नुसते टेबलावर ठेवून, कोणाचं काय कोणाला सांगायचं हे डोक्यात न घोळवता. शेजारच्या टेबलावर एक बाई मुलाला हातमोजे घालते आहे, तो घालून घेत नाही, आणि मला तेही बघायला वेळ आहे.

समोरच्या बोर्डावर मनिलापुढे आत्ताच 'डिपार्टेड' आलं. मी आता घरी जाते.

ऊर्मी